गयाअक्काचा चिमटा

"काय खात हुती?"

गयाअक्काच्या दुकानात विहिरीवरची जळकी मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न सगळ्यात आधी ऐकावा लागे. माणूस बिचारा लांबच्या मळ्यातून बैलगाडीत मोटार घालून आलेला, ऊस वाळायला लागला म्हणून कावलेला, धोतराच्या सोग्याने मान पुसत उभा. त्याला वाटे, ही बाई आपल्या घरातल्या दुखणेकऱ्याची चौकशी करतेय. एकाने तर हात जोडून सांगितलं होतं, "कालपासून निस्ती पेज घ्यायलीय अक्का, दुसरं काई पोटात ठरंना." त्याची आई आजारी होती. गयाअक्काने आईची सगळी विचारपूस केली, पेजेत काय घालावं ते सांगितलं आणि मग पुन्हा पहिल्या जागी आली. "आईचं कळलं. आता मोटारीचं सांगा. काय खात हुती?"

तिच्या हिशेबी मोटार फिरत नव्हती, ओढत नव्हती, चालत नव्हती. मोटार खात होती. वीज हा तिचा खुराक. नेहमीइतकं खाल्लं तर तब्येत बरी, कमी खाल्लं तर काहीतरी बिनसलंय, आणि जास्त खायला लागली तर समजावं की जळून काळी ठिक्कर व्हायची वेळ आली. ही एवढी साधी गोष्ट तिने बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या बाजारात आयुष्यभर लोकांना समजावून सांगितली. समजावणं म्हणजे काय, ओरडून सांगितली. तिचा आवाज असा होता की माझ्या धंद्याला धोका वाटावा.

माझा धंदा भोंग्यांचा. लग्न असो, जयंती असो, गावचं नाटक असो, शाळेचं गॅदरिंग असो, लाउडस्पीकर आणि लायटिंग आमचं. माझं दुकान अक्काच्या दुकानाला लागून, मध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीतून तिचा आवाज मी यंत्राविना ऐकत असे. तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए भोंग्या" म्हणायची. मी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दोन मुलांचा बाप, बाजारात चार लोक मला नमस्कार करायचे. त्या चार लोकांच्या देखत ती "ए भोंग्या, पक्कड दे रे" म्हणून ओरडायची आणि मी पक्कड घेऊन पळायचो.

दिसायला ती अगदी बुटकी. लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना वार्निशचा वास. तिचा नवरा किसनअण्णा हा धिप्पाड माणूस. मोटारी उचलून आत आणायच्या, तयार झाल्या की गाडीत ठेवायच्या आणि दिवसातून चार वेळा चहा करायचा, ही त्याची कामं. तांब्याच्या तारेची कॉइल भरणं, म्हणजे खरी कारागिरी, सगळी अक्काची. ती हे काम हुमनाबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे शिकली. किसनअण्णा तिथे हमालीला होता, ही त्याची भाकरी घेऊन जायची, आणि भाकरी संपेपर्यंत बसल्या जागी तारेचे वेढे मोजायची. एकदा उस्तादाचा आकडा चुकला तो हिने सांगितला. उस्ताद गुलबर्ग्याच्या कापडगिरणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. तो रागावला नाही. त्याने तारेचं रीळ तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "तो फिर तूच भर."

दुकानावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा जवळच्या कल्याणच्या पेंटरने किसनअण्णाचं नाव खडूने आखून ठेवलं. किसनअण्णाने ते आपल्या पंजाने पुसलं. "भरती ती. माझं नाव कामून?" वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत 'गया मोटार वाइंडिंग' अशी पाटी लागली. बाजार बरेच दिवस हसला. बाईमाणसाचं नाव पाटीवर, तेही आपल्या नव्याने बौद्ध झालेल्या वस्तीतल्या बाईचं! ज्यांना हसू आवरत नव्हतं त्यांच्याही मोटारी उन्हाळ्यात जळल्या. मग त्याच पाटीखाली बाकावर बसून त्यांनी उत्तर दिलं, काय खात होती.

पण उत्तर येणार कुठून? मोटार काय खाते ते दिसत थोडंच? जुने कारागीर मोटारीच्या अंगावर हात ठेवून सांगायचे. अक्काला ते पटत नसे. "हाताला चटका बसेपतोर ती आतून जळून गेलेली असती. ताप बघायला चितेला हात लावायचा व्हय?"

तिला पाहिजे होता चिमटा. उस्तादाकडे गिरणीतला होता तसा. इंग्रजीत त्याला टाँग टेस्टर म्हणतात, हल्लीची पोरं क्लॅम्प मीटर म्हणतात. खेकड्याच्या नांगीसारखे दोन जबडे, खाली मूठ, मुठीवर घड्याळासारखी तबकडी आणि काटा. नांगी उघडायची, चालू वायर तिच्या पोटात घ्यायची, नांगी मिटायची. वायर तोडायची नाही, सोलायची नाही, जोड उघडायचा नाही. आतून किती वीज जातेय ते काटा सांगतो. मला हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अक्का, ही जादू झाली." ती म्हणाली, "जादू असती तर तुज्या नाटकवाल्याकडं असती. हे हैदराबादला मिळतंय. चल."

म्हणजे मी भोंग्याचा सुटा भाग आणायला जाणारच होतो, तिने माझ्या गाडीभाड्यावर डोळा ठेवून बरोबर येण्याचं ठरवलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर तिने स्वतःचं तिकीट काढलं आणि माझ्या वाट्याच्या दशम्याही आणल्या. पण गोष्टीला थोडं मीठ लागतं.

हैदराबादच्या त्या दुकानात जे घडलं ते मी आजवर निदान शंभर लग्नघरांत करून दाखवलंय. दुकानदार पोट सावरत उठला. बाई आणि खाकी शर्ट बघून त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे बोट केलं. त्याने मोठा, चकचकीत चिमटा काढून काउंटरवर ठेवला.

"अम्मा, ये लेलेओ. पाँच सौ अँपियर तक बताता. बडे बडे कारखाने में यहीच चलता."

"मेरेकू पाँच सौ कायकू?" अक्का म्हणाली. "मेरे मोटरां सात-आठ खाते. इसका काटा तो बिस्तर परसे उठनेका बी नई."

आणि खरंच होतं ते. पाचशेच्या तबकडीवर सात म्हणजे काटा जरासा शहारल्यासारखा. तिला असा पाहिजे होता की ज्याच्या लहान पट्टीवर सात आकडा ऐन मध्यावर यावा. दुकानदाराने दुसरा काढला. तिने तो एका हातात धरून उघडायचा प्रयत्न केला. खटका घट्ट, पंजा लहान. परत ठेवला. "एक हात से खुलना मंगता भाई. दुसरा हात सीढी कू पकडनेका." तिसऱ्याचा खटका हाताला बसला. आता ती म्हणाली, चालवून दाखव.

दुकानदाराने पंख्याची वायर उचलली आणि चिमट्यात घातली. काटा ढिम्म. त्याने चिमटा झटकला. काटा ढिम्म. अक्का एवढी खूश झाली की तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. मग पंख्याची वायर हातात घेऊन ती त्याला समजावू लागली. या एका दिसणाऱ्या वायरीत दोन तारा असतात. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही एकदम धरल्या की जाणं आणि येणं एकमेकाला मारतं, काटा झोपून राहतो. एकच तार धरायची. तिने शेजारच्या धोब्याकडून इस्त्री मागवली, दुकानदाराकडून दोन सुट्या तारा जोडून घेतल्या आणि त्यातल्या एकीवर ओळीने चिमटे लावत सुटली. एक चिमटा बाकीच्यांपेक्षा कमी सांगू लागला. तिने त्याचे जबडे उजेडाकडे धरले. मधून केसभर फट दिसत होती. "मुं पूरा बंद नई होरा इसका," ती म्हणाली, "तोंड उघडं ठिऊन जेवनाऱ्यागत हाय, निम्मं सांडायलंय." पुढचं मराठी दुकानदाराला कळलं नाही, पण त्याने तो चिमटा मुकाट्याने खाली ठेवून दिला. शेवटी तिने घेतला तो एक मध्यम चिमटा. जबडे घट्ट मिटणारे, लहान पट्टी असलेला, आणि काटा अडकवून ठेवायची कळ असलेला, म्हणजे अंधाऱ्या विहिरीत लावून वर उजेडात येऊन वाचता येईल असा. दुकानदार आम्हाला पायरीपर्यंत सोडायला आला. "अम्मा, पुराने ग्राहक दिखते आप," तो म्हणाला. ती पहिल्यांदाच त्या दुकानाची पायरी चढली होती. तिने मान हलवून मोठ्या दिमाखात ते खरं करून टाकलं.

त्या चिमट्याने आमच्या भागातली एक जुनी रीत मोडली. तोवर मोटारीला काही झालं की अमावस्या टाळून, नारळ फोडून, दोर लावून, चार माणसं आणि बैलजोडी जुंपून ती विहिरीतून वर काढायची आणि गाडीत घालून दुकानात आणायची. अक्का आता चिमटा घेऊन विहिरीवरच जाऊ लागली. हळ्ळीखेडच्या एका मळ्यात आम्ही पोचलो तेव्हा मोटार काढायला माणसं कमरा कसून उभी होती. मालक म्हणत होता, जळलीच आहे, पाणीच देत नाही. अक्काने चालू करायला लावली, तिच्या तिन्ही वायरींना एकेक करून चिमटा लावला आणि काटा बघून हसली.

"तिन्ही लेकरं सारखी खायलेत. पर निम्मंच खायलेत. ही जळली न्हाई मालक, उपाशी हाय. हिच्या तोंडाला पानीच लागंना. खाली पायपाचं तोंड बघा."

खाली पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळ्याचा बोळा बसला होता. तो काढला आणि पाणी धो धो आलं. जमलेल्या माणसांना फार वाईट वाटलं. इतकी तयारी करून मोटार काढायलाच मिळाली नाही.

तीन वायरींना ती तीन लेकरं म्हणायची. "एका ताटात तीन लेकरं बसवलेत. एक कमी जेवलं की दुसरी दोघं त्याचं बी खाऊन अजीर्न करून घेतेत. मोटार जळती ती अशी." आणि किसनअण्णा परतीच्या वाटेवर कुरकुरायचा, "उघडायचंच न्हाई म्हटल्यावर दुकान कशानं चालायचं गं?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "डाक्टर काय पोट फाडल्याशिवाय डाक्टर हुत न्हाई का?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझी सोयरीक आहे. भालकीच्या बाजूचं एक गाव, आपण वाडी म्हणू. या वाडीच्या बौद्ध वस्तीने स्वतःच्या अंगमेहनतीने विहीर खोदली, वर मोटारीसाठी छोटी खोली बांधली आणि एक जुनी मोटार आणून अक्काकडे भरायला दिली. वस्तीला स्वतःचं पाणी मिळणार होतं. मागच्या पिढ्यांनी गावविहिरीच्या कडेला घागर ठेवून, कुणीतरी वरून ओतील म्हणून वाट बघितली होती. ही मोटार अक्काने कशी भरली ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. ती त्या दिवसांत ओरडत नव्हती. तेवढ्यावरून समजा.

मोटार तिने स्वतः जाऊन बसवली, चालवून बघितली, चिमटा लावला, तिन्ही लेकरं सातावर. उद्घाटन दोन दिवसांनी, जयंतीच्या सकाळी ठरलं. भोंगे आमचे. अक्काला व्यासपीठावर मानाची खुर्ची. आणि त्या वर्षी एप्रिलमध्येच गावविहीर तळाला गेलेली, त्यामुळे वरच्या आळीतल्या बायकाही घागरी घेऊन आल्या होत्या. वस्तीच्या नळावर वरची आळी! वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठेवणीतले फेटे काढले होते.

मी माइकवर अक्काची ओळख अशी काही करून दिली की विचारू नका. "बिदर जिल्ह्यात, नव्हे, अवघ्या कर्नाटकात" वगैरे. तिच्या गळ्यात हार पडला. मोटार चालू झाली, नळाला पाणी आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या आळीतली एक बाई पुढे झाली, तिने लोखंडी नळाला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. घागर दगडावर आपटून लांबपर्यंत गडगडत गेली. नळाला करंट आला होता.

बाईला काही झालं नाही, झटकाच बसला होता. कुणीतरी धावत जाऊन मोटार बंद केली. मग माझ्या भोंग्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. गर्दीतून एक आवाज आला, "बाईनं भरलेली मोटार. दुसरं काय हुनार?" तो वरच्या आळीतला होता, त्याचं एक वेळ सोडा. पण वस्तीच्या मंडळाचा अध्यक्षच व्यासपीठाजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, मोटार काढून घिऊन जावा. आमी कल्याणला दुसऱ्या कारागिराकडं दिऊ. पुन्हा ह्या बायका इकडं फिरकनार न्हाईत."

अक्का हारासकट उठली. माझ्यापुढचा माइक तिने ओढला. तिला माइकची गरज नव्हती, तरी ओढला.

"मोटार माझी हाय. मोटारीत दोष निघाला तर उद्या सकाळी दुकानाची पाटी उतरवते. अवो, ऐकायलाव ना? उतरवायची." किसनअण्णाने मान हलवली, पण त्याचा चेहरा पडला होता. "आता सगळे मागं सरा. पायपाला हात लावायचा न्हाई, ओल्यात उभं ऱ्हायाचं न्हाई. आन भोंग्या, तुजी घरघर बंद कर. मला काटा बघायचाय."

चिमटा तिच्या पिशवीत होताच. ती जयंतीलासुद्धा तो घेऊन आली होती. दाराशी कोरडी फळी टाकून ती तिच्यावर उभी राहिली. मोटार पुन्हा चालू केली. स्टार्टरमधून निघणाऱ्या तीन वायरी, एकेकीला चिमटा लावला. पहिली सात. दुसरी सात. तिसरी साडेआठ. मी मागून डोकावून बघत होतो. एक लेकरू जास्त खात होतं.

आणि मग तिने तिन्ही वायरी एकत्र गोळा करून एकदमच चिमट्यात घातल्या. माझ्या मनात आलं, गेली. घाबरून चुकली. हैदराबादच्या दुकानदारासारखी सगळ्या तारा एकदम धरून बसली. मी हळूच म्हणालो, "अक्का, एकच धरायची ना?"

"गप. काटा बघ."

काटा हलला होता. फार नाही, पट्टीच्या सुरुवातीला जरासा, पण झोपलेला नव्हता. आणि अक्काच्या तोंडावर हसू उमटलं. तिने वळून लोकांना सांगायला सुरुवात केली, भाकरी थापताना सांगावं तशी. "तिन्ही एकदम धरल्यावर काटा झोपला पायजे. जेवढं गेलं तेवढं परत आलं तर झोपतो. जागा हाय मंजी मधी कुनीतरी चोरायलंय. आता चोर कुटं बसलाय ते बघू."

तिन्ही वायरी पुढे पाइपाला बांधत बांधत मोटारीपर्यंत गेल्या होत्या. वाटेत एका ठिकाणी त्यांचा जोड होता. अक्का फळी पुढे सरकवून जोडाच्या पलीकडे, मोटारीला लागून उभी राहिली. तिथे चिमटा लावला. एकेक वायर सात, सात, सात. मग तिन्ही एकदम. काटा शून्यावर आडवा.

"मोटारीत चोर न्हाई!" ती ओरडली. "मोटार सावागत बसलीय. चोर मधी, जोडापाशी."

मोटार बंद करून, फ्यूज काढून तिने जोड बघायला घेतला आणि तो दिसेना. वायरी दिसेनात, पाइप दिसेना. सगळं एकसारखं निळसर पांढरं. भिंती, खिडकी, स्टार्टरची पेटी, पाइप, वायरी, जोडावरची कापडी पट्टी, सगळ्यांना नीळ घातलेल्या चुन्याचे जाड हात दिलेले. अक्काने नखाने जोडावरचा चुना खरवडला. खाली पट्टी चुन्याच्या पाण्याने भिजून लगदा झाली होती आणि तो लगदा लोखंडी पाइपाला चिकटून बसला होता. वीज त्या वाटेने पाइपात आणि पाइपातून नळात.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. लिंबाजीआप्पा. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस. खोली त्याने एकट्याने रंगवली होती, मोटार बसल्यानंतर, दोन दिवस खपून. सकाळीच तो मला सांगत होता, "एक जागा सोडली न्हाई बग." त्याच्या नखांत अजून नीळ होती. तो हात पाठीमागे लपवून उभा राहिला.

"मंजी लिंबाजीआप्पानं..." अध्यक्षाने सुरुवात केली.

"आप्पानं काय?" अक्का कडाडली. "आप्पानं आपलं घर सजवलं. पाण्याला पयलं घर मिळालं, ते सजवू नये तर काय करावं? वायरीला चुना लावत न्हाईत हे सांगायचं काम माझं हुतं. मी सांगितलं न्हाई, माझं चुकलं. पर मोटार?" ती गर्दीकडे वळली. "मोटार कशी हाय?"

अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघू लागला.

"इचारलं, मोटार कशी हाय?"

"नीट हाय," कुणीतरी पुटपुटलं.

"भोंग्या, आता चालू कर तुजा भोंगा आन ह्यांना मोठ्यानं म्हनायला सांग."

मी माइक घेतला. नाटकाची पहिली घंटा देतात तसा घसा साफ केला आणि विचारलं, "मंडळी, मोटार कशी आहे?" वस्ती ओरडली, "नीट हाय!" वरच्या आळीतल्या दोनतीन पोरीही ओरडल्या. त्यांच्या आयांनी त्यांना कोपराने ढोसलं, पण त्याही हसत होत्या.

तोवर अक्काने जुनी पट्टी सोलून टाकली, जोड पुसून कोरडा केला, नवीन पट्टी बांधली, आणि पाइपाला न टेकवता लाकडाच्या खुंटीवर चढवला. पुन्हा चिमटा, तिन्ही वायरी एकदम. काटा झोपला. नळाला पाणी सुटलं. पण पुढे कोण होणार? झटका बसलेली बाई दूर सावलीत बसून दंड चोळत होती. घागरी हातात तशाच राहिल्या होत्या. मला वाटलं, अक्का आता स्वतः जाऊन नळ पकडेल. तो क्षण तिचाच होता आणि असे क्षण ती सोडत नसे.

तिने हाक मारली, "आप्पा, या. तुमी हात लावा."

"मी?"

"तुमीच. चिमट्यानं सांगितलंय, मी सांगायले. या."

लिंबाजीआप्पा आला. त्याने आधी अक्काकडे बघितलं, मग नळाकडे. मग निळे-पांढरे हात पुढे करून दोन्ही पंजांनी नळ धरला. त्याने एक हात सोडून पाण्याखाली धरला. बोटांवरचा चुना सुटून पाणी जरा वेळ दुधाळ झालं, मग स्वच्छ झालं.

"गार हाय," तो म्हणाला.

पहिली घागर कुणाची भरली ते मला आठवत नाही. रांग लागली, ती ढकलाढकलीची. कुठली घागर वस्तीतली आणि कुठली वरच्या आळीची हे त्या रांगेत कुणाला निवडता आलं नसतं. अक्का खुर्चीवर परत जाऊन बसली, हार नीट केला आणि मला म्हणाली, "मगाशी ओळख करून देताना तू कर्नाटक म्हणालास. महाराष्ट्र बी घे की."

त्यानंतर जळक्या मोटारींवर जगणाऱ्या त्या दुकानाची सगळ्यात मोठी फुशारकी एका अशा मोटारीची होती जी कधी परत आली नाही. कुणी कामाबद्दल शंका काढली की अक्का म्हणे, "वाडीला जाऊन इचारा, उघडावी लागली का." लोक जाऊन विचारत, खरंच. लिंबाजीआप्पा असेपर्यंत तोच उत्तर द्यायचा, आणि उत्तर देण्याआधी पाणी पाजायचा.

अक्का शेवटी दम्याने खंगली. वार्निशच्या धुराने घात केला, असं किसनअण्णा म्हणतो. दुकान तिच्या पुतणीने हातात घेतलं होतं. भिंतीपलीकडे आता दोन आवाज होते, एक शिकवणारा आणि एक उलट बोलणारा. मग अक्काने अंथरूण धरलं आणि एकच राहिला. मी बघायला गेलो तेव्हा ती उशाला टेकून बसली होती. बोलताना मध्येच श्वासासाठी थांबत होती. तिला तसं थांबताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखी बडबड लावली. बाजारात कोण कुणाशी भांडलं, कुठल्या लग्नात माझा भोंगा ऐन मंगलाष्टकात बंद पडला. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. मग तिने हात वर करून मला थांबवलं.

"भोंग्या, वाडीची मोटार आली का रे दुकानात?"

"न्हाई आली, अक्का."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी चपला घालायला उठलो तेव्हा मागून आवाज आला. बारीक, पण असा की भिंतीपलीकडे जावा.

"येनार बी न्हाई."